पुरलेली ठेव

मत्तयकृत शुभवर्तमानाच्या पंचविसाव्या अध्यायात येशू ख्रिस्ताने सांगितलेला एक दृष्टांत आहे. एक धनी दूर देशी जावयास निघतो. निघण्यापूर्वी तो आपल्या दासांना बोलावून आपली संपत्ती त्यांच्या स्वाधीन करतो. पहिल्या दासाकडे तो पाच टॅलंट सोपवितो, दुसऱ्याकडे दोन आणि तिसऱ्याकडे एक; ज्याची जशी कुवत, तशी त्याच्याकडे ठेव. पुष्कळ काळ लोटल्यावर धनी परत येतो आणि हिशेब मागतो. पहिल्याने पाचांचे दहा केलेले असतात, दुसऱ्याने दोहोंचे चार. धनी दोघांनाही शाबासकी देतो. तिसरा मात्र पुढे येऊन सांगतो की, आपण कठोर आहात हे मला ठाऊक होते, म्हणून भ्यालो आणि आपली रक्कम जमिनीत पुरून ठेवली. ही घ्या, जशीच्या तशी आहे. ह्या उत्तराने धनी संतापतो. ती ठेव त्या दासाकडून काढून घेऊन दहा टॅलंट असलेल्याला दिली जाते आणि त्या दासाला बाहेरच्या अंधारात घालवून देण्यात येते.

ख्रिस्ती धर्मात मनुष्याच्या गुणांविषयी, बुद्धीविषयी आणि कर्तृत्वाविषयी जो विचार रुजला आहे, त्याचे मूळ पुष्कळ अंशी ह्या छोट्या कथेत आहे. परंतु ही कथा जितकी परिचित, तितकीच ती घाईने वाचली जाते. उद्योग करावा, आळस टाकावा, एवढेच तात्पर्य तिच्यातून काढून वाचक मोकळा होतो. वस्तुतः तिच्यातील प्रत्येक तपशील थांबून पाहण्यासारखा आहे.

पहिला तपशील रकमेचा. टॅलंट हे मूळचे वजनाचे परिमाण. पुढे तेवढ्या वजनाच्या चांदीच्या किमतीला तेच नाव पडले. एका टॅलंटचे सुमारे सहा हजार दिनार होत आणि एक दिनार ही त्या काळी शेतमजुराची एका दिवसाची मजुरी असे. म्हणजे ज्याला केवळ एक टॅलंट मिळाला, त्याच्या हातीही एका मजुराची सुमारे वीस वर्षांची कमाई पडली होती. मराठी बायबलच्या एका प्रचलित भाषांतरात टॅलंटच्या जागी हजार रुपये असा आकडा योजिला आहे. एके काळी हजार रुपये ही मोठी रक्कम वाटत असे. आज त्या आकड्यावरून मूळ अर्थाची कल्पना येत नाही. तिसऱ्या दासाला काहीच मिळाले नव्हते, बिचारा दरिद्री होता, असे जे सर्वसाधारणपणे मानले जाते ते बरोबर नाही. त्याला इतरांहून कमी मिळाले होते हे खरे. पण जे मिळाले ते थोडे नव्हते.

दुसरा तपशील शब्दाचा. बुद्धिमत्ता किंवा अंगचा गुण ह्या अर्थी इंग्रजीत जो ‘टॅलंट’ शब्द रूढ आहे आणि जो आता मराठी बोलण्यातही सर्रास येतो, तो ह्याच दृष्टांतावरून निघाला. चांदीच्या वजनाचे नाव माणसाच्या गुणाला मिळाले. मात्र ह्या प्रवासात मूळ शब्दातील महत्त्वाचा भाग गळून पडला. दृष्टांतातील टॅलंट दासाच्या मालकीचा नव्हता; ती दुसऱ्याची ठेव होती. मराठीत आपण ‘देणगी’ म्हणतो. ह्या शब्दात देणाऱ्याची आठवण आहे खरी. तरी देणगी एकदा दिली की ती घेणाऱ्याची होते. ठेवीचे तसे नसते. ठेव हाती असते, ती वापरण्याचा अधिकार असतो, परंतु तिचा हिशेब द्यावाच लागतो. पेत्राच्या पहिल्या पत्रात हाच विचार कारभाऱ्याच्या उपमेने मांडला आहे: ज्याला जे कृपादान मिळाले असेल, ते त्याने चांगल्या कारभाऱ्याप्रमाणे एकमेकांच्या सेवेसाठी लावावे. वाड्यातील कारभाऱ्याच्या कमरेला किल्ल्यांचा जुडगा असतो, पण वाडा त्याचा नसतो, ही गोष्ट मराठी माणसाला समजावून सांगावी लागत नाही.

आता तिसऱ्या दासाकडे वळावे. कारण दृष्टांताचा भर त्याच्यावर आहे. त्याचा अपराध कोणता? त्याने चोरी केली नाही. लूकच्या शुभवर्तमानातील उधळ्या पुत्राप्रमाणे त्याने पैसा चैनीत उडविला नाही. त्याची वही एखाद्या हिशेबतपासनिसाने पाहिली असती तर तीत एका पैचीही तफावत सापडली नसती. जमिनीत द्रव्य पुरणे हे त्या काळी बेजबाबदारपणाचे नव्हे, तर सावधगिरीचे लक्षण मानले जाई. लुटालुटीच्या काळात आपल्याकडेही मोहरांचे हंडे असेच परसात आणि भिंतीत पुरले जात, आणि पुरणारा मेल्यावर ते कोणाच्याच कामी येत नसत. तेव्हा व्यवहाराच्या दृष्टीने पाहता हा दास प्रामाणिकच म्हटला पाहिजे. तरीही तो दोषी ठरतो. का?

उत्तर त्याच्याच तोंडी आहे: तो भ्याला. त्याने आपल्या मनाशी धन्याचे एक चित्र रंगविले होते. पेरले नाही तेथे कापणी करणारा, चूक होण्याची वाट पाहत बसलेला असा हा धनी त्याला दिसत होता. इतर दोघांना निराळा धनी मिळाला नव्हता. परंतु कसलीही लेखी हमी न घेता, वीस-वीस वर्षांच्या कमाईचे द्रव्य दासांच्या हाती सोपवून निघून जाणाऱ्या माणसाचा त्यांच्यावर किती विश्वास असला पाहिजे, हे त्या दोघांनी ओळखले. तिसऱ्याने ते ओळखले नाही. शुभवर्तमान ज्या ग्रीक भाषेत लिहिले गेले, तिच्यात श्रद्धा ठेवणारा आणि भरवशाला पात्र असणारा ह्या दोन्ही अर्थी एकच शब्द चालतो. मराठीतही ‘विश्वास’ आणि ‘विश्वासू’ हे शब्द सख्ख्या भावंडांसारखे आहेत. ज्याचा देणाऱ्यावर विश्वास आहे, तोच मिळालेल्या गोष्टीविषयी विश्वासू राहू शकतो. ज्याच्या मनात देणाऱ्याविषयी भय आहे, तो ती गोष्ट पुरून टाकतो. ह्या दृष्टांताचे मर्म आळसापेक्षा भयाशी अधिक निगडित आहे.

हे भय सामान्यांनाच ग्रासते असे नाही. इंग्रज कवी जॉन मिल्टन ह्याची दृष्टी १६५२ च्या सुमारास पूर्णपणे गेली. ज्या महाकाव्यासाठी आपला जन्म आहे अशी त्याची श्रद्धा होती, ते तोवर लिहून झाले नव्हते. आपल्या अंधत्वावर त्याने लिहिलेल्या सुप्रसिद्ध सुनीतात हाच दृष्टांत त्याला छळताना दिसतो. आपल्यापाशी असलेला एक टॅलंट निरुपयोगी पडून आहे, धनी हिशेब मागेल तेव्हा काय सांगावे, हा त्याचा प्रश्न आहे. ईश्वर कोणाच्या कर्तबगारीचा मिंधा नाही, आणि त्याच्या आज्ञेची वाट पाहत उभे राहणे हीही सेवाच होय, ह्या विचाराशी ते सुनीत स्थिरावते. पुढे ह्या अंध माणसाने इतरांकरवी लिहवून घेतलेले ‘पॅरडाइज लॉस्ट’ १६६७ मध्ये प्रसिद्ध झाले. भय सरले आणि मग लेखणी चालली, हा क्रम लक्षात घेण्याजोगा आहे.

ह्याच्या उलट, लहान ठेवीचे उदाहरण अठराव्या शतकातील लंडनमध्ये सापडते. इंग्रजी कोशकार डॉक्टर सॅम्युएल जॉन्सन ह्याच्या घरी रॉबर्ट लेव्हेट नावाचा एक माणूस राहत असे. तरुणपणी पॅरिसमधील कॉफीगृहात वाढप्याचे काम करीत असता तेथे येणाऱ्या शल्यवैद्यांच्या कृपेने तो थोडे वैद्यक शिकला होता. लंडनच्या दरिद्री वस्त्यांतून तो पायी फिरे आणि ज्यांना वैद्य परवडत नसे अशांना औषधपाणी करी. कोणी चार पैसे देई, कोणी नुसता मद्याचा पेला पुढे करी. दिसण्यात रुक्ष आणि बोलण्यात अबोल अशा ह्या माणसाविषयी जॉन्सनच्या मित्रांना फारसा आदर नव्हता. १७८२ मध्ये तो वारला, तेव्हा जॉन्सनने त्याच्यावर एक कविता लिहिली आणि तीत असा निर्वाळा दिला की, ह्या माणसाला मिळालेला एकच टॅलंट त्याने नीट वापरला. जॉन्सन स्वतः असामान्य बुद्धीचा. पण अधिक मिळालेल्याकडून अधिक मागितले जाईल ह्या विचाराने तो आयुष्यभर अस्वस्थ होता. त्याने लेव्हेटकडे ज्या आदराने पाहिले त्यात थोडा हेवाही असेल.

इथवर प्रश्न सरळ आहे. परंतु हिंदुस्थानात, विशेषतः महाराष्ट्रात, त्याला एक निराळे वळण लागले. एखादा मनुष्य ख्रिस्ती होतो, तेव्हा त्याच्यापाशी आधीच पुष्कळ काही असते: भाषा, छंद, पाठांतर, कीर्तनाची हातोटी, शास्त्राध्ययन. हे सारे त्याला जुन्या घरात मिळालेले असते. नव्या घरात पाऊल टाकताना त्याने ते उंबऱ्याबाहेर ठेवावे काय? जुने आप्त म्हणत, तू आता आमचा नाहीस. तेव्हा आमच्या ओवी-अभंगांवर तुझा अधिकार नाही. नव्या मंडळीतील काहींना वाटे, त्या छंदांना जुन्या देवळांचा वास आहे. ते दूरच बरे. दोन्हीकडून येणारा सल्ला एकच होता: पुरून टाक. ज्यांनी तो मानला नाही, त्यांच्या चरित्रांतून ह्या दृष्टांताचा मराठी अर्थ उमगतो.

ह्यांचा पूर्वसूरी परदेशातून आला होता. फादर थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट धर्मोपदेशक १५७९ मध्ये गोव्यास आला आणि सुमारे चाळीस वर्षे त्याच परिसरात राहून १६१९ मध्ये तेथेच निवर्तला. भाषा शिकण्याचे असाधारण सामर्थ्य ही त्याची ठेव. तिच्या जोरावर त्याने मराठी ओवीत अकरा हजारांच्या आसपास ओव्यांचे ‘ख्रिस्तपुराण’ रचिले. १६१६ मध्ये ते प्रथम छापले गेले. नवख्रिस्ती लोकांना पुराणश्रवणाची सवय होती, ती मोडून टाकण्याऐवजी त्याने तिलाच हाताशी धरले. एका परक्याने मराठीचा एवढा गौरव करावा आणि तीन शतकांनंतरही मराठी ख्रिस्ती माणसाने आपल्याच छंदांविषयी साशंक असावे, हा विरोधाभास रेव्हरंड नारायण वामन टिळकांच्या काळी ठळकपणे दिसू लागला.

टिळकांचा जन्म १८६१ मधील, रत्नागिरी जिल्ह्यातील करजगावचा. संस्कृतचा व्यासंग, उत्स्फूर्त कवित्व, वक्तृत्व आणि कीर्तनाची आवड ही त्यांची शिदोरी. १८९३ मध्ये राजनांदगावास जात असता आगगाडीत एका युरोपियन गृहस्थाने त्यांना नव्या कराराची प्रत दिली आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी त्यांनी मुंबईस बाप्तिस्मा घेतला. ह्या एका पावलाने त्यांचे बहुतेक सर्व ऐहिक संबंध तुटले. पत्नी लक्ष्मीबाई काही वर्षे त्यांच्यापासून दूर राहिल्या. अशा वेळी, एवढे सर्व गेले तर कविताही गेली, असे म्हणून गप्प बसणे अस्वाभाविक झाले नसते.

त्या काळी मराठी ख्रिस्ती मंडळींच्या उपासनेत परदेशी गीतांची भाषांतरे परदेशी चालींवर गाइली जात. देशी वळणाची रचना करणारे काही कवी टिळकांपूर्वीही होऊन गेले होते. पण उपासनेचा एकूण सूर पाहुण्यासारखा होता. शब्द मराठी आणि सूर विलायती, त्यामुळे गाणाऱ्याच्या ओठांवर गीत असे, परंतु कंठात ते मुरत नसे. टिळकांनी अभंग, ओवी, पद, भजन आणि कीर्तन ह्या सर्वांना ख्रिस्तभक्तीच्या सेवेत आणले. आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो, अशी त्यांची धारणा होती. तो पूल मागे जाळून टाकण्याची त्यांना गरज वाटली नाही. त्यांची शेकडो गीते मराठी ख्रिस्ती उपासनेचा कणा झाली आणि ती आजही गाइली जातात. त्याच वेळी त्यांची फुलांवरची, मुलांवरची, पाखरांवरची कविता साऱ्या महाराष्ट्राची झाली. ‘केवढे हे क्रौर्य’ शाळेत पाठ करणाऱ्या पिढ्यांनी कवीचा धर्म विचारला नाही. बालकवी ठोंबऱ्यांसारख्या तरुण कवीला नगरच्या घरी आश्रय आणि माया देणारे टिळक आणि उपासनागीते लिहिणारे टिळक हे दोन निराळे पुरुष नव्हते. एकच ठेव ते दोन्ही हातांनी वापरीत होते.

१९१७ मध्ये त्यांनी मिशनची पगारी नोकरी सोडली आणि ‘देवाचा दरबार’ ह्या नावाने, बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्या अशा सर्व ख्रिस्तभक्तांसाठी, एक बंधुसंघ आरंभिला. दोन वर्षांतच, १९१९ मध्ये, ते निवर्तले. दरबाराचे कार्य त्यांच्या कल्पनेप्रमाणे वाढले नाही आणि ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्यही त्यांच्या हातून अपुरे राहिले. हिशेबाच्या वहीत ह्या दोन नोंदी तोट्याच्या दिसतील. परंतु दृष्टांतात धनी विचारतो तो प्रश्न ठेव वापरली की नाही हा आहे. आणि त्या प्रश्नाला टिळकांचे उत्तर पुरेसे स्पष्ट होते.

पंडिता रमाबाईंची ठेव आणखी विलक्षण वाटेने त्यांच्याकडे आली. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे ह्यांनी लोकनिंदा सोसून आपल्या पत्नीला संस्कृत शिकविले आणि त्या माउलीने आपल्या मुलीला. गंगामूळच्या अरण्यात १८५८ मध्ये जन्मलेली ही मुलगी आईवडिलांबरोबर तीर्थयात्रा करीत वाढली आणि लहानपणीच भागवताचे हजारो श्लोक तिला मुखोद्गत झाले. १८७० नंतरच्या दुष्काळात आईवडील उपासमारीने गेले. पुढे १८७८ मध्ये कलकत्त्याच्या विद्वानांनी तिला ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ ह्या पदव्या देऊन गौरविले. १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये रमाबाईंनी बाप्तिस्मा घेतला. तेथून पुढे संस्कृत विद्येचे काय करावयाचे, हा प्रश्न त्यांच्यापुढेही उभा असला पाहिजे.

त्याचे उत्तर त्यांनी पुणे जिल्ह्यातील केडगाव येथे, मुक्ति मिशनमध्ये दिले. १८८९ मध्ये मुंबईस विधवांसाठी शारदा सदन उघडून त्यांनी आपल्या कार्याला आरंभ केला होता. १८९६-९७ च्या आणि पुढे १९०० च्या दुष्काळात त्या स्वतः उपाशी प्रांतांतून फिरल्या आणि निराधार स्त्रिया व मुली ह्यांना त्यांनी केडगावास आणले. उपासमारीने आईबाप गमावलेल्या मुलीला त्या चेहऱ्यांची ओळख पटवून देण्याची गरज नव्हती. ह्या स्त्रियांना अन्नवस्त्र देऊन त्या थांबल्या नाहीत. विणकाम, छपाई असे उद्योग तेथे चालू झाले. अंध स्त्रियांना बोटांनी वाचण्याची ब्रेल लिपी शिकविली गेली. समाजाने जिला ओझे म्हणून टाकले, तिच्यापाशीही एक ठेव आहे आणि ती मातीखाली दडपली गेली आहे, हे रमाबाईंनी जाणले. आपली ठेव वापरणे हा विश्वासूपणाचा एक भाग. दुसऱ्याची पुरली गेलेली ठेव उकरून काढून त्याच्या हाती देणे हा त्याहून कठीण भाग होय.

ह्याच ठिकाणी त्यांनी आपले सर्वांत मोठे वाङ्मयीन कार्य अंगावर घेतले. त्या हिब्रू आणि ग्रीक भाषा शिकल्या आणि त्यांनी मूळ भाषांवरून सबंध बायबलाचे मराठी भाषांतर केले. येथे एक गोष्ट विचार करण्यासारखी आहे. ज्या स्त्रीच्या जिभेवर संस्कृत नाचत होते, तिने हे भाषांतर संस्कृतप्रचुर शैलीत करण्याचे कटाक्षाने टाळले. प्रचलित भाषांतरांची भाषा खेड्यातील अल्पशिक्षित स्त्रीला कळत नाही, ही त्यांची तक्रार होती. म्हणून तिला समजतील असे साधे शब्द शोधण्यासाठी त्यांनी आपले पांडित्य खर्ची घातले. विद्वत्तेचा उपयोग विद्वत्ता दाखविण्यासाठी न करता ती पडद्याआड ठेवण्यासाठी करणे, हे थोड्यांनाच साधते. पुरणे आणि आवरणे ह्यांत फरक आहे: पहिले भयापोटी घडते, दुसरे प्रेमापोटी. ह्या ग्रंथाचे खिळे जुळविले ते मुक्ति मिशनमधील स्त्रियांनी आणि छापलाही त्यांनीच. १९२१ मध्ये रमाबाईंची एकुलती एक कन्या मनोरमा वारली. हे दुःख उरात ठेवून त्या अखेरपर्यंत भाषांतराच्या कामाला लागलेल्या होत्या. ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांनी देह ठेविला; संपूर्ण बायबल त्यानंतर, १९२४ मध्ये, प्रसिद्ध झाले. मंडळींतून पुढे दुसरीच भाषांतरे अधिक चालली हे खरे. पण अक्षरशत्रू म्हणून आलेल्या स्त्रियांच्या हातांनी एक सबंध ग्रंथ जुळावा, ह्या घटनेचे मोल त्याच्या खपावरून ठरत नाही.

टिळक आणि रमाबाई ही पाच टॅलंटची माणसे, असे कोणी म्हणेल. त्यांच्याकडे पाहून सामान्य मनुष्य उलट अधिकच संकोचतो. अशा संकोचाला लक्ष्मीबाई टिळकांचे उदाहरण हे उत्तम उत्तर आहे. १८६८ मध्ये जन्मलेल्या ह्या स्त्रीला शालेय शिक्षण लाभले नाही. अक्षरओळख झाली ती लग्नानंतर, पतीच्या धाकात. घरात एवढा मोठा कवी असता आपण लेखणी हाती धरावी, हे तिच्या स्वप्नातही आले नसेल. तिच्यापाशी होते ते घरात, ओसरीवर, पाणवठ्यावर बोलले जाणारे जिवंत मराठी. माणसे आणि प्रसंग जसेच्या तसे धरून ठेवणारी स्मरणशक्ती. आणि स्वतःवर हसण्याची तयारी. ह्यांतील एकही गोष्ट त्या काळी विद्येत जमा होत नव्हती. पतीच्या निधनानंतर त्याच बाईने अपुरे ‘ख्रिस्तायन’ पुरे करण्याचे काम हाती घेतले. आणि १९३४ पासून ‘स्मृतिचित्रे’ प्रसिद्ध होऊ लागली. ते पुस्तक मराठी आत्मचरित्रांत अग्रगण्य मानले जाते. लक्ष्मीबाई १९३६ मध्ये निवर्तल्या. लहान समजल्या गेलेल्या ठेवीने मोठ्या ठेवीच्या तोडीचे काम केले. कारण ती जशी होती तशीच, कोणाची नक्कल न करता, वापरली गेली.

असे का घडते ह्याचे विवेचन प्रेषित पौलाने करिंथ येथील मंडळीस लिहिलेल्या पहिल्या पत्रात केले आहे. त्या मंडळीत कोणाचे कृपादान श्रेष्ठ ह्यावरून भांडणे लागली होती. पौल शरीराचा दाखला देतो: सगळे शरीर डोळाच झाले तर ऐकायचे कोणी? मी डोळा नाही म्हणून मी शरीराचा नव्हे, असे कानाने म्हणावे काय? ह्या उपमेत गर्वाला जसा आळा आहे, तसाच न्यूनगंडालाही आहे. आणि लगेच पुढच्या अध्यायात तो प्रीतीचे महत्त्व सांगतो. प्रीती नसेल तर मोठ्यात मोठे कृपादान म्हणजे केवळ वाजणारे धातूचे भांडे, असा त्याचा आशय आहे. ह्यातून मंडळीवरही एक जबाबदारी येते. दास स्वतः भिऊन ठेव पुरतो, तसे कधी कधी भोवतालचे लोकही त्याला ती पुरावयास लावतात. एखाद्या गायकाला चाल बदलण्याविषयी दटावणारी, एखाद्या विधवेला माजघरात बसविणारी, एखाद्या मुलाला तुझ्यात काही नाही असे पुन्हा पुन्हा ऐकविणारी मंडळी ही त्या खड्ड्यावर माती लोटण्याचेच काम करीत असते.

ह्या शिकवणीचा विपर्यासही होऊ शकतो, आणि झाला आहे. पाचांचे दहा झाले, ह्या आकड्यांवर डोळा ठेवून काहींनी तिच्यातून धनवृद्धीचा आणि यशाचा उपदेश काढला. परंतु दहा आणणाऱ्याला व चार आणणाऱ्याला धनी जे शब्द बोलतो, त्यांत काडीचाही फरक नाही. दोघांचा नफा सारखा नव्हता. सारखा होता तो विश्वासूपणा. दुसरे असे की, हा दृष्टांत जेथे संपतो तेथून लगेच अंतिम न्यायाचे चित्र सुरू होते, आणि तेथे प्रत्येकाला विचारले जाते ते असे: भुकेल्याला खाऊ घातलेस काय, तहानेल्याला पाणी दिलेस काय, परक्याला घरात घेतलेस काय, उघड्याला पांघरविलेस काय, रोग्याची आणि बंदिवानाची विचारपूस केलीस काय? टॅलंटचा हिशेब अखेर कोणत्या खाती जमा व्हावयाचा, हे ह्या पुढच्या चित्रावरून स्पष्ट होते. लंडनच्या गल्लीतील रोगी आणि केडगावच्या आवारातील दुष्काळग्रस्त मुलगी ही ती खाती होत.

दृष्टांतातला तिसरा दास धन्यापुढे उभा राहिला तेव्हा त्याच्या हातातील नाण्यांना मातीचा वास येत असेल. ती नाणी झिजली नव्हती, कमी झाली नव्हती, कोणाच्या हातीही गेली नव्हती. त्यांनी कोणाची चूल पेटविली नव्हती की कोणाचे कर्ज फेडले नव्हते. टिळकांची गीते आज ज्या गावोगावच्या कंठांतून उमटतात, तेथे ती किंचित बदलतात, चाली घासल्या जातात, एखादा शब्द इकडचा तिकडे होतो. वापरलेल्या वस्तूचे असे व्हावयाचेच. ठेव वापरात होती ह्याची तीच खूण.